एक गाडीवाल्यांसाठी बीएस-४, बीएस-६, पीयूसी आणि दिल्लीची भानगड: नागपूरहून धंदा सुरू करणाऱ्यांनी काय काय पाहून घ्यावं

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, एक दहा-चक्का मिळून राहिला, २०१९ चं मॉडेल, मालकाला घरच्या कारणाने काढायचा आहे, घेऊन टाकू का?" मी विचारलं, बीएस किती आहे रे? तो म्हणे, "टायर सगळे नवे आहेत." परत विचारलं तर म्हणे, "इंजिन अजून खोललंच नाही." म्हणजे मी काय विचारून राहिलो हेच पोराला कळलं नव्हतं. त्याचा एकट्याचा दोष नाही म्हणा, नागपूरच्या वाडीत नाहीतर कापशीत जाऊन कोणत्याही नव्या गाडीमालकाला विचारा, टायर, चेसिस, इन्शुरन्स, हप्ता सगळं तोंडपाठ असते, आणि धुराच्या नियमांचं विचारलं की "पीयूसी आहे ना काढलेलं" एवढंच उत्तर येते.

दहा-वीस गाड्यावाल्या ट्रान्सपोर्टरचं काही अडत नाही. त्याची जुनी गाडी दिल्लीला चालत नसेल तर तो ती रायपूरला लावतो आणि नवी दिल्लीला पाठवतो. आपली एकच गाडी, ती नाक्यावर उभी राहिली की महिन्याचा हप्ता पण तिथंच उभा राहतो. एक गाडीवाल्याने बीएस नंबर पाहायचा तो यासाठी, की कोणतं भाडं उचलता येईल आणि कोणतं सोडावं लागेल हे त्यावर ठरते. किंमत, ॲव्हरेज, टायर हे सगळं त्याच्यानंतर.

आधी नियम कोणाचा ते समजून घ्या

बीएस म्हणजे भारत स्टेज. हा इंजिनातून किती धूर निघावा याचा केंद्राचा नियम, कंपनीने गाडी बनवताना पाळायचा. बीएस-३ देशभर २०१० मध्ये आलं, बीएस-४ १ एप्रिल २०१७ ला, आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. मधला पाचवा नंबर सरकारने गाळूनच टाकला. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगून ठेवलं होतं की ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकता येणार नाही, त्यामुळे त्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत भरपूर बीएस-४ माल डिस्काउंटवर गेला, आणि त्यातल्याच गाड्या आज सेकंड हँड बाजारात "एकदम २०२० मॉडेल आहे भाऊ" म्हणून विकल्या जातात. मॉडेल २०२०, बीएस मात्र ४. इथेच नवा माणूस फसतो.

दुसरा प्रकार चालत्या गाडीच्या धुराचा, म्हणजे पीयूसी. कायदा केंद्राचा, पण सेंटर, फी, तपासणी सगळं राज्याच्या आरटीओकडे. आणि तिसरा प्रकार आहे राज्यांचे आपापले: कर, एंट्री बंदी, टोलनाक्यावरचे कॅमेरे. खरा त्रास या तिसऱ्याचाच, कारण गाडी एमएच-४९ ची असली तरी नियम जिथून जाते तिथला लागतो.

हे दिल्लीवाल्यांचं आहे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणारे पण भेटतात. केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची नावं आहेत त्यात नागपूर पण आहे. उद्या इथे काय लागेल ते मी सांगत बसत नाही, पण पुढची सात-आठ वर्षं चालवायची गाडी घेताना हे डोक्यात असू द्या.

गाडी घेण्याआधी: आरसी उघडा, टायर नंतर पाहा

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. त्यात एमिशन नॉर्म्स म्हणून एक रकाना येतो, तिथे भारत स्टेज ४ का ६ ते लिहिलेलं असते. कधी कधी "उपलब्ध नाही" असं दाखवते, जुन्या नोंदींमध्ये हे पुष्कळदा होते. तसं असेल तर मालकाला सांगा की बाबा आधी तुझ्या आरटीओतून नोंद नीट करून आण, मग सौदा. आपल्याकडे तीन आरटीओ आहेत, शहराचं एमएच-३१, ग्रामीणचं एमएच-४० आणि पूर्व नागपूरचं एमएच-४९, गाडी ज्या कार्यालयाची असेल तिथंच जावं लागते, आणि हे काम सौद्यानंतर तुमच्या गळ्यात पडलं तर कोणता एजंट किती घेईल याचा भरवसा नाही. रकान्यात नसेल तर बनावटीचा महिना पाहा, एप्रिल २०१७ ते मार्च २०२० मधली बनावट असेल तर बहुतेक बीएस-४ समजून चाला.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही गाडी कोणत्या लाइनला लावणार? उमरेडचा कोळसा, कोराडी-खापरखेड्याची राख, बुटीबोरी ते पुणे, समृद्धीने मुंबई, रायपूरचं लोखंड, या लाइनला चांगली राखलेली बीएस-४ आजही पोट भरते. पण तुमच्या ओळखीचे भाडे कळमन्यातून दिल्लीच्या आझादपूर मंडीचे असतील, संत्रा-मोसंबीचे असतील, नाहीतर दिल्लीच्या पार्टीचे असतील, तर बीएस-४ घेऊच नका. का, ते पुढे दिल्लीच्या भागात सांगतो.

बीएस-६ महाग का आणि वेगळी काय, हे पण थोडं माहीत असलेलं बरं. मोठ्या डिझेल इंजिनाच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मध्ये ३.५ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास होती, बीएस-६ मध्ये ती ०.४६ वर आणली. सातपट फरक. तेवढा नुसत्या पंप-नोझलच्या सेटिंगने पडत नाही, म्हणून सायलेन्सरच्या जागी आता एक अख्खा केमिकलचा कारखाना बसवलेला असतो: काजळी अडवणारा डीपीएफ, त्यापुढे युरिया मारणारं एससीआर, आणि पुढे-मागे सेन्सर. डिझेल पण बदललं, गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. म्हणून रस्त्याच्या कडेला "बायोडिझेल" म्हणून स्वस्तात विकतात ते बीएस-६ मध्ये टाकू नका. जुन्या गाडीने पचवलं असेल, ही नाही पचवत.

पीयूसी: दीडशे रुपयांचा कागद, पण नीट काढा

नव्या गाडीला नोंदणीपासून पहिलं एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ ला एक वर्षाचं मिळते, बीएस-३ आणि त्याच्या मागच्या गाड्यांना सहा महिन्यांचं. महाराष्ट्रात २०२२ मध्ये फी वाढली, डिझेलला दीडशे रुपये झाली. आणि पीयूसी नसल्याचा दंड कायद्यात दहा हजारांपर्यंत आहे, शिवाय तीन महिने लायसन बाद व्हायची तरतूद. दीडशे आणि दहा हजार, हिशोब तुम्हीच करा.

टेस्ट कशी होते ते एकदा उभं राहून पाहाच. पेट्रोल पंपाच्या बाजूला टिनाचं शेड असते, त्यात एक पोरगा, कॉम्प्युटर आणि ठोकळ्यासारखं मशीन. तो नळी सायलेन्सरमध्ये घालतो आणि तुम्हाला न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर एकदम खाली दाबायला सांगतो, सोडा, परत दाबा, असं काही वेळा. मशीन धुरातून प्रकाश पाठवते आणि किती अडला ते मोजते. सरासरी काढून आकडा येतो. बीएस-४ ला मर्यादा १.६२, बीएस-६ ला ०.७, आणि बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना २.४५.

माझी गाडी एकदा २.१ वर नापास झाली होती. मला वाटलं नोझल गेले, म्हणजे आता लागले तीस-चाळीस हजार. वाडीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवली, त्याने बॉनेटकडे पाहिलं पण नाही, एअर फिल्टरचं डबं उघडलं आणि फिल्टर काढून जमिनीवर आपटला. भक्कन काळा ढग. दोन महिने उमरेडच्या कोळशात फिरवली होती ना. नवा फिल्टर टाकला, बोरखेडीच्या टोलपर्यंत रपाटून आणली, परत नळी लावली तर १.२. मिस्त्रीने चहाशिवाय काही घेतलं नाही.

त्यातून दोन गोष्टी मी पाळतो. एक, सकाळी थंड इंजिनवर पीयूसीला जायचंच नाही, आधी पंधरा-वीस किलोमीटर हायवेला चांगली गरम करायची. दुसरं, आकडा वाढला की धुराचा रंग पाहायचा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडून राहिली नाहीतर डिझेल जास्त जाऊन राहिलं, फिल्टर, टर्बोचा पाइप, नोझल याच क्रमाने पाहा, कारण खर्च पण याच क्रमाने वाढतो. निळा म्हणजे ऑइल जळून राहिलं, तिथे इंजिनकामाची तयारी ठेवा. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा येतोच, पण गरम झाल्यावरही येत असेल तर कूलंट पाहा.

बीएस-६ च्या बाबतीत उलटा इशारा आहे. डीपीएफ धड असेल तर मशीनवर आकडा जवळपास शून्याकडेच येतो. सेकंड हँड बीएस-६ पाहायला गेलात आणि ०.५-०.६ आला, तर पास आहे म्हणून खुश होऊ नका, आतला डीपीएफ फुटलेला नाहीतर काढून टाकलेला असू शकतो. सौद्याआधी मालकासमोर पीयूसी काढून घ्यायचं ते यासाठीच. दीडशे रुपयांत एवढी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

नापास झालात तर आता रिजेक्शनची स्लिप पण मिळते, २०२१ पासून ती पद्धत आहे. ती फाडून दुसऱ्या सेंटरला पळू नका, तीच मिस्त्रीला दाखवा. आणि गाडी न आणता व्हॉट्सॲपवर फोटो मागवून पीयूसी देणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका. कागद निघेल, पण रस्त्यात कोणी मशीन लावलं तर तो कागद कामाचा नाही.

इन्शुरन्सचं पण सांगून टाकतो कारण फार गोंधळ आहे. पीयूसी नसेल तर इन्शुरन्स रिन्यू करायचा नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा आदेश होता, तो कोर्टाने २०२४ च्या जुलैत मागे घेतला. म्हणजे इन्शुरन्स निघेल. दंड मात्र आहे तसाच आहे.

युरिया, आणि नागपूरचा मे महिना

बीएस-६ च्या एससीआरला लागणाऱ्या ज्या पाण्याला कंपनी डेफ म्हणते त्याला लाइनवर सगळे युरियाच म्हणतात. ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी खनिजं काढलेलं पाणी. शेतातला युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून टाकणारे लोक मी डोळ्याने पाहिलेत, आणि नंतर त्यांची गाडी टोचन करून आणताना पण पाहिलीय.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. डिझेलच्या साधारण तीन ते पाच टक्के युरिया जातो. नागपूर-दिल्ली जाऊन-येऊन एकवीसशे किलोमीटर धरा, गाडी चारचं ॲव्हरेज देते धरा, म्हणजे सव्वापाचशे लिटर डिझेल, आणि चार टक्क्यांनी एकवीस लिटर युरिया. म्हणजे एका ट्रिपला वीस लिटरची एक बादली. भाडं ठरवताना डिझेल-टोलच्या खाली ही बादली लिहा, नवे लोक हीच विसरतात आणि मग सहा महिन्यांनी म्हणतात मार्जिन कुठे गेलं.

पण आपल्याकडचा खरा प्रश्न गरमीचा. युरियाचं आयुष्य तापमानावर असते: पंचवीस डिग्रीच्या आत ठेवला तर दीड वर्ष, तीसच्या आत वर्षभर, पस्तीसपर्यंत सहा महिने. आता सांगा, मे महिन्यात नागपूरला पारा पंचेचाळीसच्या वर, आणि आपला क्लीनर बादली कुठे ठेवतो, कॅबिनच्या छतावर दोरीने बांधून. ती बादली उन्हाळ्यातच जाते. मी स्वतः एकदा तीन बादल्या एकदम स्वस्त मिळाल्या म्हणून घेऊन ठेवल्या, जूनमध्ये झाकण उघडलं तर अमोनियाचा असा भपका आला की डोळ्यात पाणी, आणि झाकणाच्या आट्यांवर पांढरी साय धरल्यासारखे खडे. तरी टाकला, कारण पैसे दिले होते ना. आठवड्यात डॅशबोर्डवर दिवा, मग ताकद कमी, आणि कोंढाळीच्या चढावर लोड गाडी अशी चालत होती की बैलगाडी पुढे गेली असती.

तर उन्हाळ्यात एका ट्रिपपुरताच घ्यायचा, ब्रँडेड, तारीख पाहून, आणि बादली कॅबिनच्या आत पायाशी ठेवायची. टाकीच्या तोंडाला पांढरं दिसलं तर साध्या पाण्याने धुऊन पुसायचं, पण पाणी आत जाऊ द्यायचं नाही. शक्य असेल तर रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पेनाएवढी नळी असते, दोन थेंब टाकून उजेडाकडे धरायचं आणि रेघ ३२.५ च्या जवळ आहे का पाहायचं. बॅटरीचं पाणी तपासणाऱ्यांकडे दिसते तसंच असते ते.

आणि हो, "डिलीट". दिवा लागला की कोणीतरी मिस्त्री नक्की म्हणणार, भाऊ एक डबी लावून देतो, युरियाची कटकट कायमची संपली. एमुलेटर म्हणतात त्याला, तो इंजिनच्या कॉम्प्युटरला खोटंच सांगतो की युरिया चालू आहे. वॉरंटी तर गेलीच, पण मालकाने गाडीत असा बेकायदा बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मला विचाराल तर दंडापेक्षा मोठं नुकसान विकताना होते. लॅपटॉप लावून पाहणारा गिऱ्हाईक आता सर्रास भेटतो.

गावातल्या गावात, कळमना ते वाडी, वाडी ते हिंगणा, अशी दिवसभर छोट्या फेऱ्यांवर बीएस-६ चालवणार असाल तर एक अजून. डीपीएफ स्वतःला गरम होऊन साफ करतो, आणि त्याला मोकळा रस्ता लागतो. सिग्नल-सिग्नल खेळत राहिलात तर तो चोंदतो. दिवा लागला की बाजूला घेऊन उभ्या गाडीवर रिजनरेशनचं बटण दाबा आणि ते पूर्ण होऊ द्या, अर्ध्यात बंद करू नका. फक्त खाली वाळलेलं गवत नाही ना ते पाहा, सायलेन्सर त्या वेळी भयंकर तापलेला असतो.

दिल्ली

हा भाग दोनदा वाचा.

१ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याहून जुन्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश बंद आहे. बीएस-४ ला दिलेली मुदत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यानंतर बीएस-६, सीएनजी, एलएनजी (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) आणि इलेक्ट्रिक एवढ्याच. हा निर्णय दिल्ली आणि आसपासच्या हवेसाठी जो केंद्रीय आयोग आहे त्याचा, त्यामुळे कोणत्या राज्यात कोणाचं सरकार आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

याच्यावर अजून एक थर आहे, ग्रॅप, म्हणजे हवा खराब झाली की टप्प्याटप्प्याने बंदी लावायची योजना. हवा जशी बिघडेल तसे चार टप्पे लागतात, हवेचा निर्देशांक (एक्यूआय) ४५० च्या वर गेला की चौथा. चौथ्या टप्प्यात बीएस-६, सीएनजी, एलएनजी, इलेक्ट्रिक सोडून बाकी ट्रक बंद, जीवनावश्यक माल असेल तर सूट. आणि हे लागते नेमकं दिवाळीच्या आसपासपासून जानेवारीपर्यंत. म्हणजे आपला आंबिया बहाराचा संत्रा जेव्हा काटोल-नरखेडकडून सुटतो आणि भाडे चांगले असतात, तेव्हाच.

२०२४ च्या नोव्हेंबरात मी यात सापडलो. बुटीबोरीहून धाग्याचा माल भरला होता, संत्रा असता तर निदान वाद घालता आला असता. मी स्वतः गाडीवर, सोबत क्लीनर. सोळाच्या रात्री निघालो, अठराच्या सकाळपासून चौथा टप्पा लागला, आणि एकोणीसला आम्ही पलवलच्या पुढे. बदरपूर बॉर्डरवर हवालदाराने फक्त काच खाली करायला लावली, विचारलं "बीएस?" मी म्हटलं चार. त्याने हाताने यू-टर्न दाखवला, एक शब्द बोलला नाही. मागे येऊन ढाब्यावर लावली. चार दिवस. ऊन नाही, सावली नाही, नुसता पिवळट धूर, घसा असा की चहा पण कडू लागे. पार्टी म्हणे थांबा, ट्रान्सपोर्टवाला म्हणे पार्टीला विचारा. शेवटी तिथल्या तीन सीएनजी गाड्यांत माल पलटी केला, म्हणजे उतरवून त्यांच्यात भरला, आणि त्याचं भाडं, हमाली सगळं माझ्या बॅलन्समधून कापलं, कारण बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, काहीच लिहिलेलं नव्हतं. ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव घेत नाही, चूक माझी पण होती.

तेव्हापासून उत्तरेकडचं भाडं घ्यायच्या आधी मी हे करतो. अनलोडिंगचा पिनकोड मागतो. ११० ने सुरू होत असेल तर दिल्ली, नसेल तर गुरुग्राम, फरिदाबाद, सोनीपत वगैरे, ब्रोकर सगळ्यालाच "दिल्ली" म्हणतात. दिल्लीच्या पलीकडे पंजाबला जायचं असेल तर आत शिरतच नाही, बाहेरून पेरिफेरल एक्सप्रेसवे आहेत, ते त्याचसाठी केलेत. निघायच्या दिवशी आणि ग्वाल्हेरला पोचल्यावर असं दोनदा ग्रॅपचा टप्पा पाहतो. आणि बिल्टीवर पेनाने एक ओळ लिहून घेतो: "ग्रॅपमुळे प्रवेश न मिळाल्यास हॉल्टिंग व पलटीचा खर्च पार्टीकडे." ही ओळ लिहायला जो नाही म्हणतो त्याचं भाडं सोडायचं. पहिल्या वर्षी मन होत नाही सोडायचं, मला माहीत आहे.

पैशाचं पण आहे. आत शिरणाऱ्या ट्रककडून पर्यावरण भरपाई म्हणून रक्कम घेतात, सुप्रीम कोर्टाने २०१५ च्या नोव्हेंबरपासून लावली. सुरुवातीला छोट्या आणि दोन ॲक्सलच्या गाडीला ७००, तीन ॲक्सल आणि वरच्यांना १३००, आणि त्याच डिसेंबरात ती दुप्पट केली. भाजी-फळांच्या गाड्यांना सूट होती, २०२५ मध्ये कोर्टाने ती पण काढली. त्यामुळे जुने डायवर "संत्र्याला काही लागत नाही" म्हणतील तर ऐकू नका. दिल्ली महापालिकेचा आरएफआयडी टॅग वेगळा असतो, फास्टॅगवर भागत नाही, आधीच काढून रिचार्ज करून ठेवा.

बाकीची राज्यं, पासिंग, कर

इथे पटकन सांगतो. ओडिशाने २०२४ पासून टोलनाक्यांवर ई-डिटेक्शन सुरू केलं, बिहारने पण. फास्टॅग वाचला की गाडीचा नंबर केंद्राच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदीत तपासला जातो, आणि पीयूसी, इन्शुरन्स, फिटनेस यातलं काही संपलेलं असेल तर चलान निघते. अडवायला कोणी उभा नसतो, समजवायला पण कोणी नसतो. रायपूर-संबलपूर लाइन करणाऱ्यांनी तारखा मोबाइलच्या अलार्ममध्ये टाकून ठेवा, पंधरा दिवस आधीच्या.

पासिंग, म्हणजे फिटनेस, नव्या गाडीला दोन वर्षांचं, पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि आठनंतर दरवर्षी. महाराष्ट्रात ट्रान्सपोर्ट गाडीला आठ वर्षांनंतर पर्यावरण कर पण लागतो. म्हणजे आठवं वर्ष हा एक उंबरठा आहे, सात वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली तर विकणारा काय विचार करून काढून राहिला ते लक्षात येईल. पंधरा वर्षांच्या वरच्या गाड्यांच्या फिटनेसची फी अजूनच मोठी आहे, तिकडे नव्या माणसाने जाऊच नये.

अगदी जुनी गाडी असेल तर स्क्रॅपचा रस्ता आहे, २०२१ च्या धोरणातला. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, कबाड्याला नाही, कारण सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट तिथूनच मिळते आणि त्यावर नव्या ट्रान्सपोर्ट गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. ते सर्टिफिकेट विकता पण येते.

एलएनजीबद्दल लोक विचारतात, कारण २०२१ च्या जुलैत गडकरींनी देशातल्या पहिल्या खासगी एलएनजी पंपाचं उद्घाटन नागपुरातच केलं. गाडी चांगली, धूर नाही, दिल्लीत अडवत नाही. पण एक गाडीवाल्याला रस्त्यात भरायला पंप सारखे सापडत नाहीत तोवर तो मोठ्या फ्लीटवाल्यांचा खेळ आहे, असं माझं मत.

मावसभावाची गाडी बीएस-४ च निघाली. मालकासमोर पीयूसी काढलं, १.१ आलं, इंजिन खरंच चांगलं होतं. दिल्लीचा सगळा हिशोब त्या मालकाला मांडून दाखवला, तो आधी चिडला आणि मग उतरला. पोराने घेतली, बुटीबोरी-पुणे लावली. फक्त एक राहून गेलं होतं. ट्रान्सफर झाली पण वाहनच्या नोंदीत मोबाइल नंबर जुन्याच मालकाचा, आणि आता पीयूसीला मालकाच्या नंबरवर मेसेज जातो, चलानचा पण तिकडेच. महिनाभराने त्या माणसाचाच फोन आला, "भाऊ, तुमचं एक चलान माझ्या मोबाइलवर येऊन पडलं आहे." त्याच दिवशी पोराला परिवहनच्या साइटवर बसवून नंबर बदलायला लावला. तुम्ही ते आरसी हातात आल्या आल्या करून घ्या.